प्रात्यक्षिक क्रमांक चार

साहित्य: पुठ्ठ्याची नळी, एक.
लांबी एकवीस सेंटिमीटर, तोंड आठ.
नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याने फुकट कापून दिली,
तिच्यावरच्या शुभेच्छा उलगडून संपल्या होत्या,
कुणा भाऊंचा वाढदिवस, आता खांबाखांबावर.

कृती: नळी डोळ्याला लावा. दिशा दहा.
आत सापडतील तेवढे तारे मोजा,
सरासरीला सत्तावन्नने गुणा, म्हणजे सगळं आकाश.
परकार सर हे सांगत होते कालिन्याच्या गच्चीवर,
आणि डोक्यावरून विमानं चाकं काढून उतरत होती,
प्रत्येक विमानाला ते वाक्य अर्ध्यात थांबवायचे.
अल्ताफ म्हणाला, काही दिसलंच नाही तर?
"शून्य लिहा. रिकामी जागा सोडू नका.
रिकामं म्हणजे बघितलंच नाही.
शून्य म्हणजे बघितलं."

भांडुप, सातवा मजला, त्यावर टाकी, टाकीवर मी.
पूर्वेला मिठागरांचा तेवढा काळोख
आणि त्यालाही हायवेच्या दिव्यांची किनार.
मुलुंडकडे शून्य. खाडीकडे शून्य.
दक्षिणेला एक: व्याध. त्याला धूरही अडवत नाही.
मग शून्य. मग दोन, आर्द्रा आणि राजन्य,
मधला मृगाचा पट्टा कुणी पुसून घेतलेला.
शून्य, शून्य, शून्य, शून्य.
इतके शून्य मी कुठल्याच परीक्षेत
इतक्या काळजीने लिहिले नव्हते.

जेवायला हाक मारायला आई वर आली.
बोटांवर सुकलेला गोंद. दिवसभर इमिटेशनच्या कुड्यांत
चिमट्याने खडे बसवते, ग्रोसवर पैसे.
म्हटलं, दहावं तू बघ. मोजायची सवय तुला.
तिने नळी धरली, श्वाससुद्धा धरला.
"तीन."
त्यातला एक सांताक्रूझला निघाला.
एक लाल होता, टॉवरच्या क्रेनवरचा.
उरला तो ब्रह्महृदय.
एकूण चार. सरासरी शून्य दशांश चार.
गुणून तेवीस.
आख्ख्या भांडुपला तेवीस.

जर्नलमध्ये रकाना: निरीक्षकाचे नाव, वय.
दहाव्या ओळीत लिहिलं: हौसाबाई.
आणि पेन थांबलं.
विश्वाचं वय मला पाठ होतं,
तेरा अब्ज ऐंशी कोटी वर्षं,
चूक एका टक्क्याच्याही आत.
आईचं नव्हतं.
लिहिलं: ५२ ± २.
चार टक्के. म्हणजे विश्वाच्या कितीतरी पट.

सरांनी लाल शाईने विचारलं: पद्धत?

जादा पान जोडलं. शिकवलंय तसंच,
जवळच्या पायरीवर उभं राहून लांबची मोजायची.
पायरी पहिली: थोरल्या मामाचा शाळेचा दाखला.
जन्म एक जून. म्हणजे तीही गुरुजींनी अंदाजाने ठोकलेली,
त्या वर्गात सगळेच एक जूनचे.
पायरी दुसरी: मामा चालायला लागला,
त्यानंतर विहिरीला पाणी लागलं.
पायरी तिसरी: बहात्तरचा दुष्काळ.
आजी खडी फोडायला जायची.
तेव्हा आई कडेवर होती की पोटात,
इथे पुरावे भांडतात.
दोन वर्षांची चूक येते ती इथून.

तिलाच विचारलं, सुकडी खाल्लेली आठवते?
दिव्याखाली मान वर न करता म्हणाली,
"चव आठवते.
पण ती कुणी सांगितलेली असेल."
चिमट्यात खडा, खड्यात ट्यूबलाइट.
तो बसवला, पुढचा उचलला,
आणि मग बऱ्याच वेळाने,
"माझा तो एक धरलास का गं?"

धरला, म्हटलं.
सत्तावन्नने गुणून.